धावत्या गाडीच्या ड्रायव्हरला स्टेशनवरून वेताची कडी का देत असत?

कोल्हापूर-मिरज मार्गावर ड्रायव्हरला देत असत ती वेताची मोठी कडी कशासाठी होती आणि ती नसली तर गाडी खरंच थांबायची का, असा तुमचा प्रश्न आहे. थांबायची. सिग्नल पडलेला, म्हणजे जायला मोकळा असला तरी थांबायची.

हा मार्ग १८९१ साली सुरू झाला. सुमारे ४८ किलोमीटरचा, एकेरी. एकेरी रुळांवर दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, बाकी सगळी व्यवस्था त्यासाठीच. वेताची कडी नुसती धरायला. खरी किंमत तिला लावलेल्या चामडी पिशवीतल्या गोळ्याला, म्हणजे टोकनला. तो गोळा हाच ड्रायव्हरचा परवाना.

आपल्याकडच्या एकेरी मार्गांवर नील्सचं गोळ्याचं यंत्र बरंच चालायचं. शेवटच्या स्टेशनाला एक, मधल्या प्रत्येक स्टेशनाला दोन, दोन्ही बाजूंसाठी वेगळी. समजा, गाडी रुकडीहून हातकणंगल्याला सोडायची आहे. रुकडीचा मास्तर आधी यंत्राच्या घंटेचा एक ठोका देऊन पलीकडच्याला फोनवर बोलावणार, मग दोन ठोके देऊन लाईन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची संमती, मागणार. हातकणंगल्याच्या मास्तरने उत्तराचा शेवटचा ठोका दाबून धरला, तरच रुकडीच्या यंत्राची मूठ फिरते आणि एक गोळा बाहेर पडतो. त्यानंतर दोन्ही यंत्रं अडकतात. तो गोळा कुठल्यातरी टोकाला परत आत जाईपर्यंत दुसरा निघत नाही. गाडी सुटली की तीन ठोके, पोचून मार्ग मोकळा झाला की चार.

गोळ्यावर दोन्ही स्टेशनांची नावं कोरलेली असत आणि ती वाचल्याशिवाय ड्रायव्हरने निघायचं नाही असा नियम. लगतच्या सेक्शनच्या, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या पुढच्या टप्प्याच्या, गोळ्याची घडण वेगळी ठेवत, म्हणजे चुकीचा गोळा यंत्रात जाऊच नये.

न थांबणाऱ्या गाडीला मात्र तो धावताना द्यावा लागे. फायरमन आधी जुनी कडी खाली टाकी, मग हात बाहेर काढून पॉइंटमनने उंच धरलेल्या नव्या कडीत घाली. वेत लवचिक म्हणून बरं, तरी दंडाला फटका बसायचाच. त्यामुळे वेग कमी करावा लागे. रात्री कडी दिसावी म्हणून शेजारी मशाल किंवा दिवा. कडी हुकली तर गाडी थांबवून गोळा हातात घ्यायचा, दुसरा उपाय नाही.

लोक एक गोष्ट विसरतात. गोळा आला म्हणजे फक्त इंजिन आलं. मधेच कपलिंग तुटून मागचे डबे राहिले असतील तर यंत्राला त्याचा पत्ता नसतो. म्हणून मास्तरने शेवटच्या डब्याची पाटी, रात्री मागचा लाल दिवा, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गोळा आत टाकायचा नाही. माझ्या मते सगळ्या पद्धतीतली सर्वात नाजूक जागा हीच, कारण इथे यंत्र नाही, माणूस आहे.

गोळा हरवला किंवा ड्रायव्हर चुकून पुढे घेऊन गेला की ते सेक्शन यंत्रापुरतं बंद. मग गोळ्याऐवजी ड्रायव्हरला कागदी लाईन क्लिअर तिकीट. दोन्ही मास्तर फोनवर एकमेकांना छापील तक्त्यातला खासगी नंबर देत, वहीत लिहीत आणि वापरलेला नंबर खोडत, म्हणजे जुन्या बोलण्यावर नवी गाडी सुटू नये. हे हाताने होई, म्हणून वेळ खाई.

कधी एका दिशेने जास्त गाड्या गेल्या की गोळे एकाच टोकाला साठत आणि दुसऱ्या यंत्रात काढायला गोळाच उरत नसे. अशा वेळी सिग्नल खात्याचा माणूस यंत्र उघडून काही गोळे नोंद करून पलीकडे नेई. मास्तरला स्वतः यंत्र उघडायची परवानगी नव्हती.

पॅसेंजर मधल्या स्टेशनावर ताटकळत उभी राहायची तीही याच हिशेबाने. समोरून येणारी गाडी पोचून तिचा गोळा यंत्रात पडल्याशिवाय हिच्यासाठी गोळा निघायचाच नाही. त्यात मेल येत असेल तर लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभं राहायची पाळी बहुधा पॅसेंजरचीच.