'फोरशॅडोइंग'ला 'पूर्वसूचना' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'च्या सुरुवातीच्या प्रकरणांवर वाचकगटासाठी मराठीत टिपण लिहायचं आहे. सेटिंग, कॅरेक्टर आणि फोरशॅडोइंग (पुढे घडणाऱ्या गोष्टीची आधीच पेरलेली खूण) यांना 'पार्श्वभूमी', 'पात्र' आणि 'पूर्वसूचना' असे शब्द योजले, पण शेवटचा खटकतो. दुसरा चांगला शब्द आहे का?

खटकतो ते बरोबरच आहे. पूर्वसूचना म्हणजे आधी देऊन ठेवलेली खबर. 'कोणतीही पूर्वसूचना न देता पाणी बंद केलं' अशी आपली तक्रार असते, कारण पूर्वसूचना कळावी म्हणूनच द्यायची असते. कादंबरीकार मात्र वाचकाला काही कळवत नाही. तो एखादी वस्तू, एखादं वाक्य सहज समोर ठेवून पुढे जातो. म्हणून 'सूचना' नको, 'सूचन' हवं. फरक एका कान्याचाच, पण समीक्षेत 'सूचन' हा शब्द 'न सांगता सुचवणं' या अर्थाने रुळलेला आहे. 'पूर्वसूचन' म्हटलंत तर अर्थ आणखी नेमका होतो.

तरीही टिपणभर हा एकच शब्द वापरू नका. इंग्रजी शब्दाच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठीत त्या दोन्हींना जुने, सुंदर शब्द आहेत: चाहूल आणि बीज.

पहिल्या प्रकरणाचा शेवट आठवा. पायात बेडी असलेला फरारी कैदी छोट्या पिपला, म्हणजे कादंबरीच्या नायकाला, दम देऊन लंगडत निघून जातो. नदीकाठी फाशीचा खांब उभा आहे, त्याला साखळ्या लोंबताहेत, त्यांत कधीकाळी एका चाच्याला अडकवलं होतं. पिपला वाटतं, तोच चाचा जिवंत होऊन खाली उतरला होता आणि आता पुन्हा स्वतःला टांगून घ्यायला चालला आहे. इथे वाचकाच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकते. या माणसाचं फाशीशी काही नातं आहे, हे त्याला जाणवतं. (पुढे या कैद्याला, म्हणजे मॅगविचला, खरोखरच फाशीची शिक्षा होते, पण ती अमलात येण्याआधीच तो तुरुंगात मरतो. तुमचं वाचन पूर्ण झालं आहे असं धरून हे लिहितो आहे.) ही झाली चाहूल. येणारा दिसत नाही, पण कोणीतरी येतं आहे हे कळतं.

आता कानस पाहा. कैद्याने बेडी कापायला कानस मागितली, पिपने ती आपल्या बहिणीचा नवरा, लोहार जो गार्जरी, याच्या लोहारकामाच्या जागेतून चोरून नेऊन दिली. वाचताना तिच्यात काहीच गूढ वाटत नाही. दहाव्या प्रकरणात गुत्त्यात एक अनोळखी माणूस पिपच्या डोळ्यांदेखत आपली रम चमच्याऐवजी कानशीने ढवळतो, आणि आपण दचकतो. पंधराव्याच्या शेवटी पिपच्या बहिणीवर हल्ला होतो आणि सोळाव्यात तिच्याजवळ पूर्वीच कानशीने कापलेली एक बेडी सापडते. एकोणचाळिसाव्यात मॅगविच दारात उभा राहतो, तेव्हा पिप म्हणतो की खिशातून कानस काढून दाखवायची गरजच नव्हती, मी त्याला ओळखलं. हे बीज. भरताने नाट्यशास्त्रात बीजाचं वर्णनच असं केलं आहे की ते थोडंसं टाकलं जातं आणि पुढे अनेक परींनी पसरतं. ही कादंबरी १ डिसेंबर १८६० पासून ३ ऑगस्ट १८६१ पर्यंत साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने छापली जात होती. डिकन्सने कानस मधेच पुन्हा दाखवली त्यामागे, मला वाटतं, आठवडे उलटल्यावर वाचकाने ती विसरू नये हाही हेतू असावा. एक काळजी घ्या: 'कथाबीज' लिहू नका, त्याचा अर्थ कथेची मूळ कल्पना असा होतो.

संस्कृत नाट्यशास्त्रात 'पताकास्थानक' अशीही एक संज्ञा आहे. मनात एक गोष्ट असताना अकस्मात तिच्याशी जुळणारी दुसरी पुढे येते. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात झोपलेल्या सीतेकडे पाहत राम म्हणतो की हिचं सगळंच प्रिय आहे, असह्य आहे तो फक्त विरह. त्याच क्षणी प्रतिहारी (द्वाररक्षिका) येऊन म्हणते, 'देव, उपस्थितः', म्हणजे 'आला आहे, महाराज'. ती सांगत असते दुर्मुख नावाचा सेवक आल्याचं, पण वाक्य विरहाला जाऊन चिकटतं, आणि दुर्मुख खरोखरच विरहाचं कारण घेऊन आलेला असतो. अंगावर काटा आणणारी जागा आहे ही. पण संज्ञा म्हणून 'पताकास्थानक' आजच्या टिपणात जड होईल.

'नांदी' आणि 'सूतोवाच' दोन्ही टाळा. 'वादळाची नांदी' म्हणजे वादळाची सुरुवातच, आणि 'सूतोवाच' म्हणजे विषय उघडपणे पहिल्यांदा काढणं.

'पार्श्वभूमी'बद्दलही थोडं. तिसऱ्या प्रकरणात पिप चोरलेलं खाणं घेऊन धुक्यातून धावतो, तेव्हा बांध आणि चर त्याच्या अंगावर येतात, 'दुसऱ्याचं पोर्क-पाय (डुकराचं मांस भरून भाजलेलं खाणं) घेऊन पळणारा पोरगा, धरा त्याला!' असं ओरडल्यासारखे. गुरंसुद्धा त्याला चोर म्हणतात. असं अंगावर येणाऱ्याला मागचा पडदा कसं म्हणायचं? 'परिसर' म्हणा, किंवा तटस्थपणे 'स्थळकाळ'. केंटमधल्या त्या सपाट, भरतीच्या पाण्यालगतच्या, बांधांनी कापलेल्या जमिनीला 'दलदल' लिहिण्यापेक्षा कोकण-गोव्यातला 'खाजण' शब्द लिहा. नेमकी तशी जमीन तो डोळ्यांपुढे आणतो.

'पात्र' चालेल, पण जो गार्जरीसारख्या माणसाविषयी लिहिताना 'व्यक्तिरेखा' बरा. पकडलेला कैदी, खाणं आपणच चोरलं असं सांगून पिपला वाचवतो, तेव्हा जो त्याला म्हणतो की तू काय केलंस ते आम्हाला ठाऊक नाही, पण त्यापायी तू उपाशी मरावंस असं आम्हाला वाटणार नाही. त्या एका वाक्यात जोची रेषा पूर्ण उमटते. उपशीर्षक मात्र 'पात्रपरिचय' देऊ नका. तो नाटकाच्या पुस्तकात आरंभी येणाऱ्या यादीसाठी राहू द्या.