भाकरी सोडली, गोळी तशीच राहिली

पत्र : मी ४९ वर्षांची, सोलापूर जिल्ह्यात राहते. सात वर्षांपासून शुगर आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ घेते, बीपीची एक वेगळी आहे. तीन आठवड्यांपूर्वी मोबाइलवर व्हिडिओ बघून भाकरी, चपाती, भात सगळं एका दिवसात बंद केलं. उपाशीपोटीची शुगर २१० वरून १३५ वर आली. पण दुपारी चारच्या सुमारास हातपाय कापतात, दरदरून घाम फुटतो. मग डब्यातले गूळ-शेंगदाणे मुठीमुठीने खाते आणि नंतर मोजली तर शुगर २६०! रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, पोट साफ होत नाही. सासूबाई म्हणतात, "भाकरीबिगर माणूस जगतंय व्हय?" माझ्या ताटाकडे बघून त्यांचा चेहरा उतरतो. मालक म्हणतात, तुझ्यासाठी वेगळा स्वयंपाक कुणी करायचा? आता श्रावण तोंडावर आलाय, सोमवारचे उपास आहेत. हे सगळं सोडून देऊन पहिल्यासारखं खाऊ का?

उत्तर :

ताई, पत्रातलं बाकी सगळं थोडं थांबू शकतं. चार वाजताची थरथर थांबू शकत नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल.

तुमच्या गोळीतली दोन औषधं दोन वेगळ्या तऱ्हेने काम करतात. मेटफॉर्मिन यकृतातून रक्तात सुटणारी साखर कमी करतं. एकट्याने ते शुगर सहसा फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात भाकरी असो वा नसो. तुमचा डोस दोन-तीन भाकऱ्या आणि भात खाणाऱ्या बाईसाठी ठरवलेला होता. भाकरी गेली, गोळी तशीच राहिली. दुपारच्या जेवणात फक्त भाजी आणि वरण असेल, तर चार वाजेपर्यंत शुगर ७० च्या खाली जाणं अगदी शक्य आहे. तुमच्या शरीराला हा आहार सोसत नाही असा याचा अर्थ नाही. आहार आणि औषध यांचा मेळ तुटला आहे.

त्यामुळे डॉक्टरांना आजच फोन करा आणि नेमकं एवढं सांगा: "मी भाकरी-भात तीन आठवडे बंद केलाय, दुपारी चारला थरथर आणि घाम येतो, माझ्या गोळीत ग्लिमेपिराइड इतक्या मिलिग्रॅमचं आहे, डोस कमी करायचा का?" मिलिग्रॅमचा आकडा पाकिटावर असतो, तो वाचून सांगा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण डोस बदलेपर्यंत भाकरीही सोडू नका. आज दुपारपासून एक आणि रात्री एक भाकरी परत सुरू करा. व्हिडिओत कुणी काहीही सांगितलेलं असो, क्रम हाच: आधी औषधाचं ठरवायचं, मग भाकरी कमी करायची. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या शुगरच्या गोळ्या) चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कर्बोदकं, म्हणजे भाकरी-भातातलं पिष्ट आणि साखर, फार कमी करूच नयेत. त्या औषधांवर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसली तर तडक दवाखाना गाठायचा आणि औषधाचं नाव सांगायचं.

पुन्हा थरथर झाली तर आधी मोजा. आकडा ७० च्या खाली असेल तर अर्धा ग्लास पाण्यात चहाचे तीन चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, विरघळवून प्या. १५ मिनिटांनी परत मोजा, अजून ७० च्या खालीच असेल तर तेवढंच परत घ्या. मशीन हाताशी नसेल तर मोजण्यासाठी थांबू नका, साखरपाणी घ्या. गूळ-शेंगदाणे इथे कामाचे नाहीत. शेंगदाण्यातल्या तेलामुळे गुळाची साखर रक्तात उशिरा उतरते, तोवर जिवाच्या आकांताने आपण चार मुठी खातो आणि तासा-दीड तासाने ते सगळं एकदम वर येतं. तुमचे २६० तिथून आले. ग्लिमेपिराइडचा असर दिवसभर टिकतो, म्हणून बरं वाटल्यावर अर्धी भाकरी किंवा कपभर दूध घ्या आणि तासाभराने पुन्हा मोजा. गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हेही नाव असेल, तर घरातली साखर लवकर लागू पडत नाही, कारण ही औषधं आतड्यात साखर फुटू देत नाहीत. अशा वेळी ग्लुकोज पावडरच हवी. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखान्यात न्यायचं. हे सासूबाईंना आणि मालकांना आजच सांगून ठेवा.

कधी थरथर होईल आणि मशीन ९५ किंवा ११० दाखवेल. शरीर महिनोन् महिने २०० च्या वर राहिलं असलं की त्याला १०० सुद्धा कमी वाटतात. तेव्हा साखर खायची गरज नाही. बसा, ताक प्या, १५ मिनिटांनी परत मोजा. आकडा खाली सरकत नसेल तर निश्चिंत राहा, ही भावना काही दिवसांत ओसरते. दोन्ही थरथरींत फरक फक्त मशीन सांगतं, म्हणून हा महिना पट्ट्यांवर काटकसर नको.

आता पोटऱ्यांतले गोळे. शरीरात साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भाकरी-भात बंद झाला की ही साठवण संपते आणि पाणी निघून जातं. इन्सुलिन उतरल्यावर मूत्रपिंडंही जास्त मीठ बाहेर टाकतात. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो वजन उतरतं त्यातलं बरंचसं हे पाणीच असतं. डोकं दुखणं, गळून जाणं, गोळे येणं हे सगळं त्यातलंच. दिवसातून दोनदा चिमूटभर मीठ घातलेलं ताक पुरतं. पण तुम्हाला बीपीची गोळी आहे, त्यामुळे आधी दोन-तीन दिवस बीपी मोजा, बसून आणि उभं राहून. उठताना अंधारी येत असेल तर बीपीच्या गोळीचाही डोस बदलावा लागेल, तेही त्याच फोनमध्ये विचारा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय मीठ वाढवू नका. सात वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे, तर बी-१२ ची तपासणीही एकदा करून घ्या. पायांच्या मुंग्या आणि जळजळ कधीकधी त्याच्या कमतरतेमुळे असते आणि खापर मात्र शुगरवर फुटतं.

पोट साफ न होण्याचं कारण सासूबाईंना लगेच पटेल: ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात जवळपास १० ग्रॅम तंतू असतो. भाकरी काढली आणि तिच्या जागी काही आलंच नाही. दोन्ही जेवणांत दोन-दोन वाट्या भाजी हवी: गवार, भेंडी, दोडका, मेथी, शेपू, वांगं. तुमच्याकडची जवसाची आणि कारळ्याची चटणी यासाठी फार चांगली, रोज मोठा चमचाभर घ्या. तरी जमलं नाही तर रात्री एक चमचा इसबगोल ग्लासभर पाण्यातून घ्या, गोळ्यांपासून दोन तास लांब.

आता मुख्य प्रश्न, किती खायचं. कर्बोदकं शून्यावर आणायची गरजच नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेहाच्या अभ्यासातल्या अठरा हजारांहून अधिक लोकांच्या आहाराचं विश्लेषण २०२२ साली प्रसिद्ध झालं. मधुमेहाचं निदान नुकतंच झालेल्यांसाठीही त्यात उष्मांकांपैकी निम्म्याच्या आसपास वाटा कर्बोदकांचाच सुचवला होता. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत असलेल्या आहाराला सर्वसाधारणपणे कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. तुम्ही पहिलं लक्ष्य तेवढंच ठेवा.

हे १३० कसं बसतं ते बघा. आपल्याकडच्या नेहमीच्या दिवसात चार भाकऱ्या, दोन वेळचा भात, बशीभर पोहे आणि दोन-दोन चमचे साखरेचे चार चहा असतात. त्याची बेरीज ३०० ग्रॅमच्या वर जाते. ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण ३६ ग्रॅम कर्बोदकं. पण आपली थापलेली मोठी भाकरी ५० ग्रॅमची नसते, ७०-८० ग्रॅमची असते. एकदा काटा घेऊन पीठ मोजा, तुम्हालाच नवल वाटेल. "ज्वारीने शुगर वाढत नाही" हा समज इथेच फसतो. ज्वारी गव्हापेक्षा वेगळी असेल, पिष्ट तिच्यातही आहेच. शिजलेला दीडशे ग्रॅम भात म्हणजे ४० च्या वर. बशीभर पोहे साधारण ४५. साखरेचा एक चमचा ४ ते ५, आणि गूळ घातला तरी हिशेब तोच.

म्हणजे सगळ्यात सोपी काटछाट चहात आहे. बिनसाखरेच्या चहाची जीभेला दहा-पंधरा दिवसांत सवय होते, आणि ३५-४० ग्रॅम एकही घास न सोडता कमी होतात. पोह्यांच्या जागी दोन अंडी, किंवा मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ. दुपारी ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी, रात्री एक, भात बंद किंवा आठवड्यातून एकदा. एवढ्यात १३० च्या आसपास पोहोचता. यापेक्षा खाली जायचं असेल तर डोस कमी झाल्यावर, रात्रीची भाकरी अर्धी करून, आणि दर टप्प्याला दोन आठवडे देऊन.

काढलेल्या भाकरीची जागा भरली नाही तर चार वाजता डबा उघडणारच. इथे बहुतेक जण चुकतात: भाकरी जाते आणि ताटात नुसती काकडी उरते. साठ किलो वजनाला दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. दोन अंडी १२, वाटीभर वरण ७, मटकीची उसळ ८, दीड वाटी दही ५, मूठभर शेंगदाणे ७, पन्नास ग्रॅम पनीर ९, दोन भाकऱ्या १०. अंड्याचा वार नसेल त्या दिवशी ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांची भाजी, त्यात १५ ग्रॅम येतात. पिठलं चालतं, पण ते भाकरीसारखंच मोजायचं: ३० ग्रॅम बेसनात १७ ग्रॅम कर्बोदकं आहेत. प्रथिनं वाढवण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीतलं प्रथिन तपासा. मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल तर हे आकडे डॉक्टरच ठरवतील. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर तीही आत्ताच करा. शुगर झपाट्याने उतरली की आधीपासून असलेला पडद्याचा त्रास कधीकधी काही काळ वाढतो.

जेवताना भाजी, उसळ आधी आणि भाकरी शेवटी घेतली तर तेवढ्याच भाकरीने शुगर कमी चढते. जेवणानंतर पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या मारल्या तरी आकड्यात दिसतं. आठवडाभर जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजून वहीत लिहा. कुठली भाकरी तुम्हाला किती चढवते ते कुठल्याही तक्त्यापेक्षा ही वही नेमकं सांगेल. सकाळची उपाशीपोटीची शुगर बऱ्याच जणांत सगळ्यात शेवटी हलते, कारण पहाटे यकृत स्वतःच साखर सोडतं. तिच्यावरून रात्रीच्या जेवणाला दोष देऊ नका. आणि एक धोक्याची सूचना: काही आठवडे कमी कर्बोदकांवर राहून अचानक दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, तर शुगर पूर्वीपेक्षाही जास्त उडी मारते. सणाला अर्धी पोळी, कटाची आमटी आणि भरपूर भाजी घ्या.

श्रावणी सोमवार. ६० ग्रॅम साबुदाण्यात ५० ग्रॅमच्या वर कर्बोदकं आणि प्रथिनं जवळपास काहीच नाहीत, त्यात वर बटाटा. बशीभर खिचडी ही भातापेक्षा जड. त्याऐवजी ४० ग्रॅम राजगिऱ्याच्या पिठाची छोटी भाकरी किंवा अर्धी वाटी शिजलेली भगर, वाटीभर शेंगदाण्याची आमटी, दही, काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याची भाजी. राजगिऱ्याचा लाडू आणि चिक्की नको, त्यात गूळ आहे. उपासाच्या दिवशी गोळी किती आणि कधी, हे आधीच विचारून ठेवा. ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी राहायचं नाही, निर्जळी तर नाहीच.

गोळ्या पूर्ण सुटतात का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण व्हिडिओने तो मनात पेरला असणार. औषधाशिवाय तीन महिने एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी) ६.५ च्या खाली राहिलं तर त्याला मधुमेह माघारी गेला म्हणतात. निदानानंतरच्या पहिल्या काही वर्षांत आणि वजन बरंच उतरलं तर ते जास्त जमतं. सात वर्षांनी तेवढं सोपं नाही. डोस कमी होणं मात्र पुष्कळ जणांना साधतं, आणि तुमची थरथर सांगते आहे की तुमचाही बहुधा कमी होणार. तीन महिन्यांनी एचबीए१सी करा, त्याआधी निकालाची घाई नको.

मालकांना सांगा, वेगळा स्वयंपाक नाहीच. तीच गवार, तेच वरण, तीच चटणी. फरक ताटात, भांड्यात नाही. आणि सासूबाईंचा चेहरा भाकरी नाकारल्यामुळे उतरतो, तुमच्या शुगरमुळे नाही. इतकी वर्षं ज्या हातांनी थापून वाढलं ते ताटातून एका दिवसात उठलं, हे त्यांना लागणारच. त्यांना वाद घालून समजावू नका. उद्या पीठ मळताना काटा त्यांच्यासमोर ठेवा आणि म्हणा, "आत्या, माझ्यासाठी एवढ्या पिठाची एक पातळ थापा." कडक भाकरीच्या मुलखातल्या हाताला पातळ भाकरी शिकवावी लागत नाही. तव्यावरची पहिली, गरम, तुमच्या ताटात पडू द्या, दोन वाट्या भाजी खाऊन झाल्यावर.