दंड भरला म्हणून लायसन्स सुटत नाही

मिरजेचे एक वाचक शाळेची व्हॅन चालवतात. त्यांच्या नावावर एक स्कूटर आहे. ती ते स्वतः चालवतात आणि भाचाही. दोन वर्षांत नऊ ई-चलनं साठली. आरटीओची सुनावणीची नोटीस आली, तेव्हा व्हॅनच्या फेऱ्या चुकतील म्हणून गेले नाहीत. मग लायसन्स तीन महिने निलंबित केल्याचा आदेश आला. त्या रात्री बसून नऊच्या नऊ चलनं त्यांनी मोबाइलवरून भरून टाकली. आता विचारतात, "दंड भरला, पावत्या आहेत, तरी लायसन्स चालू होत नाही. निलंबन संपवायला आणखी किती भरावं लागेल?"

आणखी काही भरू नका. आधी विचारलं असतंत तर जे भरलंत त्यातलंही थोडं थांबवायला सांगितलं असतं.

अशी पत्रं दर महिन्याला येतात आणि सगळ्यांचा घोटाळा एकाच जागी होतो. थकलेलं चलन आणि निलंबित लायसन्स या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. चलन थकलं की वाहन आणि लायसन्सची पुढची कामं अडवून ठेवता येतात: नूतनीकरण होत नाही, गाडी दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. ते कुलूप पैसे भरले की उघडतं. निलंबन मात्र पैसे थकले म्हणून नव्हे, तर तुम्ही रस्त्यावर जे केलंत (किंवा केलंत असं कागदावर दिसतं) त्यासाठी असतं.

तुमच्या प्रकरणाची किल्ली मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये आहे. तडजोड रक्कम, म्हणजे खटला न होता चलनाचा दंड, भरली की त्या गुन्ह्याची पुढची कारवाई थांबते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण २०१९ च्या दुरुस्तीत तिथे परंतुकं, म्हणजे 'पण' जोडणाऱ्या अटी, घातली गेली, ती कोणी वाचत नाही. एक सांगतं की तडजोड केली तरी कलम २०६(४) खालची लायसन्सवरची कारवाई सुटत नाही. दुसरं त्याहून वाईट: तडजोड केलेला गुन्हा पुढच्या वेळी 'आधी केलेला गुन्हा' म्हणून मोजला जातो. म्हणजे एका रात्रीत नऊ चलनं भरून तुम्ही निलंबन तर उठवलं नाहीतच, वर एकाच प्रकारच्या गुन्ह्यांची रांग स्वतःच्या नावावर लावून घेतलीत. लायसन्सवर कारवाई करणाऱ्या कलम १९(१ए) मध्ये पहिल्या वेळेला तीन महिन्यांचं निलंबन आहे; दुसऱ्या वेळेला लायसन्स रद्दच होऊ शकतं. व्हॅनवर पोट असलेल्या माणसाने हे हलक्यात घेऊ नये.

तुम्ही आदेशाचा फोटो पाठवलात, पण फक्त पहिल्या पानाचा. तळाशी 'मागे पहा' असं छापलेलं स्पष्ट दिसतं आहे, आणि मागे तुम्ही पाहिलेलं नाही. मला हवं ते नेमकं तिथेच असणार: कोणत्या कलमाखाली, कोणत्या चलनासाठी, कोणत्या तारखेपासून. हेल्मेट नसणं (१९४डी), दुचाकीवर तिघं (१९४सी), सिग्नल तोडणं किंवा गाडी चालवताना हातात फोन (१८४), वेग (१८३) यांतलं काही असेल तर आदेशाला कायद्याचा आधार आहे आणि लढाई फक्त वस्तुस्थितीवर होईल. पण तिथे कारण म्हणून 'दंड थकीत' एवढंच असेल, तर आदेश कमजोर आहे आणि अपिलाचा तोच पहिला मुद्दा. नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे पान न बघता यापुढे मी काही म्हणणार नाही.

आता मुदत. कलम १९(३) प्रमाणे आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील. आदेशावरच्या तारखेपासून नव्हे, तो मिळाल्यापासून. तुम्ही लिहिता, "पाकीट बहुतेक मागच्या महिन्यात आलं." बहुतेक! अहो, या 'बहुतेक'वर तुमचं अख्खं अपील उभं आहे. पाकीट फेकलं नसेल तर शोधा, त्यावर टपालाचा शिक्का असतो. फेकलं असेल तर रजिस्टर्ड पोस्टाचा क्रमांक आरटीओतल्या जावक नोंदवहीतून मिळवा आणि पोस्टाकडून पोचल्याची तारीख काढा. अपील कोणाकडे करायचं तेही आरटीओतच लेखी विचारून घ्या. मुदत टळली असेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडू, पण त्याच्या भरवशावर आणखी आठवडा घालवू नका.

अपिलात म्हणायचं काय? "मला ऐकून घेतलं नाही" हे तुम्हाला म्हणता येणार नाही. बोलावलं होतं, तुम्ही गेला नाहीत. सुनावणीला जाऊन दोन वाक्यं बोलला असतात तर कदाचित हे पत्रच लिहावं लागलं नसतं, कारण १९(१ए) खाली अधिकाऱ्याला लायसन्सधारकाला मोकळं सोडण्याचाही अधिकार आहे. असो.

तुमचा खरा मुद्दा भाचा आहे, आणि त्याचा उल्लेख तुम्ही पत्राच्या शेवटी ताजा कलम म्हणून केलात! कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, चेहरा ओळखत नाही. चलन मालकाच्या नावावर निघतं. दंडापुरतं ते चालून जातं, पण लायसन्सवरची कारवाई चालवणाऱ्यावर असते. एकाने सिग्नल तोडला म्हणून दुसऱ्याचं लायसन्स रोखता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १६७ए प्रमाणे अशा चलनासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट दाखवणारा स्पष्ट फोटो, तारीख, वेळ, ठिकाण असावं लागतं, आणि सूचना १५ दिवसांत जावी लागते. नऊही फोटो डाउनलोड करून मोठे करून पाहा. पाठीला कॉलेजची सॅक लावलेला, लाल टी-शर्टातला मुलगा दिसत असेल आणि तुम्ही त्या वेळी व्हॅनमध्ये शाळेच्या फेरीवर असाल, तर शाळेच्या फेऱ्यांची वही हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. १५ दिवसांचा मुद्दाही मांडू, पण तेवढ्यावर आदेश पडेलच असं मी सांगणार नाही.

मात्र भाच्याचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. चलनाच्या तारखेला तो १८ पूर्ण नसेल, तर 'गाडी तो चालवत होता' असं एक अक्षरही कुठे लिहून देऊ नका; आधी जवळच्या वकिलाला प्रत्यक्ष भेटा. कलम १९९ए खाली अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर वाहनमालकावर २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद येते. तीन महिन्यांचं निलंबन वाचवायला जाऊन तिथे अडकू नका.

अपिलाचा निकाल कधी लागेल? सांगता येत नाही. कॅमेऱ्याला चलन फाडायला सेकंद लागतो; माणसाला आपलं म्हणणं ऐकवायला महिने लागतात, आणि तीन महिन्यांच्या निलंबनावरचं अपील चौथ्या महिन्यात निकाली निघालेलं मी पाहिलं आहे. म्हणून अपिलासोबतच आदेशाला स्थगिती मागा. ती मिळेपर्यंत लायसन्स आरटीओत जमा करा आणि पोच घ्या. कलम १९(२) तेच सांगतं. कालावधी संपल्यावर ते परत देताना उजळणी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागतात का, ते जमा करतानाच विचारा, नाहीतर पुढचा महिना त्यात जाईल.

आणि "सकाळची एकच फेरी मारतो, पोलीस नसतात" हे जे तुम्ही लिहिलंत, ते आजपासून बंद. निलंबन असताना गाडी चालवणं हा कलम १८२ चा स्वतंत्र गुन्हा: १०,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यात अपघात झाला तर विमा कंपनी कलम १५० कडे बोट दाखवून जबाबदारी नाकारायला बघेल, आणि व्हॅनमध्ये दुसऱ्यांची मुलं बसलेली असतात. व्हॅनमालकाला खरं सांगा, तीन महिने बदली चालक बघा म्हणावं.

ज्यांनी अजून काही भरलेलं नाही आणि "सहा महिने उलटले, चलन आपोआप बाद ना?" असं विचारत असतात, त्यांना थोडक्यात: फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची कोर्टाने दखल घ्यायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ ची सहा महिन्यांची मर्यादा आहे. हेल्मेट त्यात येतं. सिग्नल तोडल्याचं प्रकरण १८४ खाली असेल तर एक वर्ष, कारण तिथे कैदही आहे. कलम ५१९ खाली कोर्ट उशीर माफ करू शकतं. आणि हा बचाव कोर्टात चालतो, आरटीओच्या संगणकावर नाही.

मिरजकरांनी दुसऱ्या पानाचा फोटो आणि पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख आज पाठवावी. पावत्यांचे नऊ फोटो पुन्हा पाठवू नयेत, ते माझ्याकडे दोनदा आले आहेत.