उंची नको, ड्रॉ सांगा: धनुष्याच्या लांबीबद्दल तुमचे प्रश्न

रिकर्व्ह बो (ऑलिम्पिकमध्ये दिसतो तो, टोकं पुढे वळलेला धनुष्य) किती इंची घ्यायचा हे बऱ्याच जणांनी विचारलंय, पण सोबत उंची, वय, वजन लिहिलंय आणि ड्रॉ लेंथ, म्हणजे पूर्ण खेचल्यावर बोपासून दोरीपर्यंतचं अंतर, फार थोड्यांनी. बोची लांबी ड्रॉवर ठरते, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो.

प्रश्न: मुलगा १३ वर्षांचा आहे, उंची ५ फूट ३ इंच, क्लबात मोजलेला ड्रॉ २५ इंच. दुकानदार म्हणतोय पोरगा वाढतोय, थेट ७० इंची घ्या. घेऊ का?

नका घेऊ, प्लीज. २५ इंचाला ६६ इंची बो भरपूर झाला, ६४ पण चालेल. ७० इंचीत त्याच्या ड्रॉला लिंब्स (बोचे वरचे-खालचे वाकणारे भाग) पुरते वाकणारच नाहीत, मग ताकद साठत नाही, बाण हळू जातो, लांबच्या अंतराला पोचवायला साइट (नेम धरायचं साधन) खाली खाली आणावी लागते आणि शेवटी ती बाणाच्याच वाटेत येते, मग कोणीतरी सांगतं पौंडेज (खेचायला लागणारा जोर) वाढव, आणि तो सगळा भार १३ वर्षांच्या खांद्यावर पडतो. हे मला खरंच बघवत नाही.

खर्चाची काळजी अगदी बरोबर आहे, पण त्यासाठीच टेकडाउन बो असतो, रायझर (हातात धरायचा मधला भाग) तोच ठेवायचा आणि फक्त लिंब्स बदलायचे. २५ इंची रायझरला शॉर्ट लिंब्स लावले की ६६, मीडियम लावले की ६८, लाँग लावले की ७०. म्हणजे दुकानदार सांगतोय तो ७० इंची बो त्याला गरज पडेल तेव्हा याच रायझरवर मिळेल. आयएलएफ फिटिंगचा (लिंब्स बसवायची सगळीकडे चालणारी पद्धत) रायझर बघून घ्या, म्हणजे लिंब्स दुसऱ्या कंपनीचे असले तरी बसतात. २५ इंची रायझर जड होऊन हात खाली येत असेल तर २३ इंची रायझर आणि मीडियम लिंब्स, तोही ६६च होतो. आत्ताचे लिंब्स साधे, स्वस्तातलेच घ्या, ते बदलायचेच आहेत.

प्रश्न: दोन्ही हात पसरून मोजायचं आणि २.५ ने भागायचं, एवढ्यावर ड्रॉ धरला तर चालेल का?

अंदाजाला चालेल. हातांची पसर ६५ इंच असेल तर ड्रॉ २६च्या आसपास येतो. पण पैसे घालायच्या आधी नीट मोजा. हलका बो घ्या, १८-२० पौंडाचा, बाण मुद्दाम लांब घ्या, पूर्ण खेचून हनुवटीखाली रोजच्यासारखा अँकर करा (दोरीचा हात टेकवा) आणि दुसऱ्या कोणालातरी बाजूला उभं राहून प्लंजरच्या (बाणाला बाजूने टेकणाऱ्या स्प्रिंगच्या बटणाच्या) भोकासमोर बाणावर खूण करायला सांगा. नॉकच्या, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाच्या, खाचेपासून त्या खुणेपर्यंतचं माप अधिक पावणेदोन इंच, हा तुमचा ड्रॉ. तीन-चार वेळा करा, कारण नवीन माणसाचा प्रत्येक वेळी वेगळा येतो. खांदे रेषेत यायला लागले की ड्रॉ इंचभर सहज वाढतो, म्हणून पहिले काही महिने क्लबचाच बो वापरा असं मी सगळ्यांना सांगतो.

नंतर ढोबळमानाने २५ इंच ड्रॉपर्यंत ६४ इंची बो, २५ ते २७ला ६६, २७ ते २९ला ६८, त्यापुढे ७०, आणि ३१च्या वर असाल तर ७२.

प्रश्न: माझा ड्रॉ २९ आहे, बो ६६ इंची. बोटं चिमटतात आणि शेवटचा इंच एकदम जड लागतो. टॅब (दोरी खेचणाऱ्या बोटांवरचं संरक्षण) बदलू का?

टॅबने थोडा आराम पडेल, मूळ दुखणं जाणार नाही. बो आखूड आणि ड्रॉ मोठा असला की पूर्ण खेचल्यावर दोरीचा कोन फार अरुंद होतो आणि ती बोटांना दोन्हीकडून दाबते. शेवटचा इंच जड लागतो त्याला स्टॅकिंग म्हणतात. बो स्केल (ताण मोजायचा काटा) लावून २६ इंचापासून एकेक इंच खेचून बघा, आधी इंचाला साधारण दोन पौंड वाढत असतील आणि शेवटी एकदम तीन-साडेतीन वाढले तर लिंब्स त्यांच्या हद्दीपलीकडे चाललेत. अशा जागी क्लिकर (ड्रॉ पूर्ण झाला की टक वाजणारी पट्टी) स्वच्छ निघत नाही, रिलीज (दोरी सोडणं) बिघडतो, आणि लोक उगाच स्वतःच्या टेक्निकला दोष देत बसतात. क्लबात कोणाचे तरी लाँग लिंब्स मागून आठवडाभर मारून बघा. दोरी पण त्या मापाची लागेल आणि ब्रेस हाइट (न खेचलेल्या दोरीचं रायझरपासूनचं अंतर) नव्याने लावावी लागेल. बाणाचा वेग किंचित कमी होईल, होऊ द्या, बोटं सुखात असतील तर लक्ष्यावर बाणांचा ग्रुप जवळ येतो.

प्रश्न: लिंब्सवर ३२ पौंड लिहिलंय, माझा ड्रॉ २६. हातात किती येतात?

साधारण २८. लिहिलेला आकडा २८ इंच ड्रॉचा आणि बहुतेक २५ इंची रायझरवरचा असतो. हेच लिंब्स २३ इंची रायझरवर लावलेत तर दोनेक पौंड वाढतील.

प्रश्न: मुलीला कंपाउंड (टोकांना चाकं असलेला बो) करायचंय, तिथे हाच हिशोब का?

नाही. २०२३ला बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडचे वर्ल्ड चॅम्पियन झाले तेव्हापासून हा प्रश्न मला वारंवार येतो, आणि त्याचा मला फार आनंद आहे. कंपाउंडमध्ये ड्रॉ कॅम (टोकांची चाकं) आणि त्यावरच्या मॉड्यूल नावाच्या तुकड्यावर सेट होतो, खेचताना पुढे भिंत लागल्यासारखी दोरी थांबते, त्यामुळे अर्धा इंच जरी जास्त सेट झाला तरी मुलगी मागे झुकते आणि खांदा वर येतो. आधी तो अर्धा इंच नीट जमवा, बोची लांबी त्यानंतर बघा. आणि घ्यायच्या आधी विचारा की या मॉडेलचा ड्रॉ किती इंचांपर्यंत वाढवता येतो आणि तो बदलायला बो प्रेस (बो दाबून दोरी सैल करायचं यंत्र) लागतो का.