ताब्याचा निकाल लागून गेल्यावर पुन्हा अर्ज करता येतो का?

ताई, परस्पर संमतीने घटस्फोट घेताना तुम्ही मुलाचा ताबा वडिलांकडे लिहून दिलात. आता तीन वर्षांनी केस पुन्हा उघडायला कोर्ट परवानगी देईल का, हा तुमचा प्रश्न. मी यातून गेले आहे, म्हणून लिहिते.

"सही केलीस ना, आता विसर," असं मलाही सगळ्यांनी ऐकवलं होतं. ते खरं नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ प्रमाणे हुकूमनाम्यानंतरही, म्हणजे घटस्फोटाचा निकाल लागून गेल्यावरही, ताब्याचा आदेश बदलता येतो. लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर कलम ३८. २०१० साली विक्रम वीर वोहरा प्रकरणात संमतीच्या घटस्फोटानंतर आईला नोकरीसाठी मुलाला घेऊन ऑस्ट्रेलियाला जायचं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं आणि वडिलांच्या भेटी नव्या परिस्थितीप्रमाणे ठरल्या. त्यामुळे आधी वेगळी परवानगी काढावी लागत नाही, हुकूमनामा दिलेल्या कोर्टातच अर्ज करायचा. निकाल एकतर्फी, म्हणजे एक बाजू हजर नसताना, लागला असता तर गोष्ट वेगळी होती. तो रद्द करून घ्यायला ३० दिवसांची मुदत असते.

खरी कसोटी अर्जात काय लिहिता याची. माझा पहिला मसुदा चार पानी होता, सगळा नवऱ्याबद्दल. वकीलबाईंनी वाचून परत दिला आणि विचारलं, "यात मुलगी कुठे आहे?" मला तिथेच रडू फुटलं. मग मी घटस्फोटात लिहून दिलेल्या संमतीच्या अटींनंतर तिच्या आयुष्यात काय बदललं तेवढंच लिहिलं: तिला सांभाळणारी आजी वारली, शाळेतली हजेरी घसरली, घरी ती रात्री आठपर्यंत एकटी. सोबत प्रगतिपुस्तकं आणि माझी एक दुरेघी वही जोडली. ठरलेल्या दर शनिवारच्या फोनची तारीख, वेळ, उचलला की नाही, सगळं त्यात होतं. तुम्ही अशी वही आजच घाला.

मुलगी नऊ वर्षांची होती. न्यायाधीशांनी तिला एकटीला चेंबरमध्ये बोलावलं. वेणी कोण घालतं, असं विचारलं म्हणे. ती म्हणाली, "मीच घालते, पण भांग वाकडा येतो." हे तिने मला घरी येताना रिक्षात सांगितलं. मी तिला काहीही पढवलं नव्हतं, आणि तुम्हीही मुलाला पढवू नका. पढवलेलं लगेच कळतं, आणि त्या लेकराला दोघांच्या मध्ये उभं करणं फार वाईट.

पूर्ण ताबा लगेच मिळाला नाही. आधी उन्हाळ्याची सुट्टी, मग शनिवार-रविवार, शेवटचा आदेश यायला चौदा महिने लागले.

वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जाण्याआधी हुकूमनामा आणि संमतीच्या अटींची प्रमाणित नक्कल काढून ठेवा, पहिल्याच भेटीत तीच मागतात.