महिन्याचे पैसे भरायचे की डीएलसी विकत घ्यायचे?

बेळगावातल्या वडगावहून एका वाचकाने लिहिलंय. वय २६, उद्यमबागमधल्या एका मशीन शॉपमध्ये सीएनसी प्रोग्रॅमर, हातात पडणारा पगार २४,०००. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा इतिहासातली राज्यं चालवायचा गेम माझ्याकडे आहे, पण नुसता मूळ गेम. डीएलसी, म्हणजे मूळ गेमला जोडायचे वेगळे विकले जाणारे भाग, एवढे आहेत की सगळे कार्टमध्ये टाकले की बेरीज बघवत नाही. दुसरीकडे महिन्याला थोडे पैसे भरले की सगळे एकदम उघडतात. मित्र म्हणतो, सबस्क्रिप्शन म्हणजे भाड्याच्या घरात पैसे घालणं. सेल लागला की ‘पे लेटर’वर सगळं उचल आणि सहा हप्त्यांत फेड. आई म्हणते, दोन्ही नको. काय करू?

तुमचं महिन्याचं कोष्टक पाठवलंत ते बरं केलंत. घरी १२,०००, गाडीचा हप्ता ३,२००, सौहार्द सहकारी संस्थेत आरडी ३,०००, पेट्रोल-मोबाइल-चहापाणी ४,०००. उरतात १,८००. यातले ५०० रुपये हौसेला गेले तर माझी काही हरकत नाही. शनिवारी मित्रांबरोबर जेवायला बाहेर पडलात तर एका रात्रीत तेवढे जातात, आणि त्याबद्दल कुणी मला पत्र लिहून विचारत नाही. आईंना कदाचित हे रमीसारखं काहीतरी वाटत असेल. तसं नाही हे त्यांना सांगा. २०२५ च्या कायद्याने बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर; इथे पैसे लावायचे नसतात आणि जिंकायचेही नसतात.

मित्राच्या ‘पे लेटर’ला मात्र माझं सरळ नाही आहे. १,८०० शिल्लक असलेल्या माणसाने सहा महिने एक हप्ता अंगावर घ्यायचा, आणि तोही कशासाठी, तर ज्यातले निम्मे डीएलसी उघडूनही बघणार नाही अशा ढिगासाठी. बिनव्याजी म्हणतात तिथेही प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी असतो. गाडीचं सर्व्हिसिंग आलं, एक हप्ता चुकला, की दंड लागतो आणि नोंद क्रेडिट रिपोर्टवर जाते. उद्या तुम्ही स्वतःचं लेथ टाकायला कर्ज मागायला गेलात की बँकेचा माणूस तो रिपोर्ट समोर घेऊनच बसणार. गेम रोख घ्या, नाहीतर घेऊ नका.

आता मूळ प्रश्न. रुपयांतले दर स्टोअर प्रदेशाप्रमाणे ठरवतं आणि ते सेलगणिक हलतात, म्हणून मी हिशोब महिन्यांत करतो. पॅराडॉक्स कंपनीने या गेमचं सबस्क्रिप्शन मार्च २०२१ मध्ये आणलं तेव्हा अमेरिकेतला दर होता महिन्याला ४.९९ डॉलर. भारतावरचा ‘धर्म’ हा मोठा डीएलसी सप्टेंबर २०१८ मध्ये आला तो १९.९९ डॉलरला. म्हणजे एक मोठा डीएलसी बरोबर चार महिन्यांचं सबस्क्रिप्शन. निम्म्या किमतीत मिळाला तर दोन महिने. तुमच्या स्क्रीनवर आज जे रुपये दिसतात त्यांचाही असाच भागाकार करा: डीएलसीची किंमत भागिले महिन्याचा दर. उत्तर चारच्या आसपास नसेल तर पुढचं गणित त्याप्रमाणे थोडं सरकवा, पण रीत हीच.

या रीतीत सगळं अडतं ते एका आकड्यावर, आणि तो स्टोअर सांगत नाही: वर्षात तुम्ही खरोखर किती महिने खेळता? माणसाला विचारलं तर म्हणतो, रोज खेळतो की. म्हणून मी तुम्हाला सेव्ह फाइल्सचा (अर्धवट डाव जपून ठेवणाऱ्या फाइल्सचा) फोल्डर तारखेप्रमाणे लावून त्याचा फोटो पाठवायला सांगितलं. बघा काय दिसतं. जून-जुलैमध्ये फाइल्सची रांग, बाहेर पावसाची झड, कुठे जाणं नाही. ऑगस्ट लागला की मंडपाचं काम सुरू, तेव्हापासून अनंत चतुर्दशीपर्यंत एकही फाइल नाही. दिवाळीच्या सुट्टीत आठ-दहा. डिसेंबरात पुन्हा बऱ्यापैकी. जानेवारी ते मार्च कारखान्यात वर्षअखेरीचा ओव्हरटाइम, फोल्डर कोरा. एप्रिलमध्ये दोन-तीन फाइल्स, आणि मग आपल्याकडच्या वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथाची तयारी. उदार मनाने मोजलं तरी वर्षाला पाच महिने.

पाच महिने सबस्क्रिप्शन म्हणजे वर्षाला सव्वा डीएलसीची किंमत. बाराही महिने चालू ठेवलं तर तीन मोठ्या डीएलसींची, तीही पूर्ण किंमत. फरक बघा. सबस्क्रिप्शन स्वस्त की महाग, हे त्याच्या दरावर फारसं ठरत नाही. तुम्ही ते बंद करता का, यावर ठरतं. आणि बंद करायचं लक्षात राहू नये अशीच त्याची रचना असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते आणि पहिल्या वेळी ओटीपी लागतो. पण त्यापुढे १५,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला पुन्हा ओटीपी लागत नाही. ती सूचना येते, पण पार्सल, लोन आणि केवायसीच्या मेसेजांमध्ये दबून जाते. गणपतीत मांडवाला पताका बांधणारा माणूस ते मेसेज वाचतोय होय?

म्हणून घेतलंत तर घेतल्या दिवशीच पुढचं नूतनीकरण बंद करून टाका, आणि भरलेला महिना कुठल्या तारखेपर्यंत चालतो तेवढं त्याच पानावर बघून ठेवा. पुन्हा हवं असेल तेव्हा पुन्हा भरा. यूपीआयने भरत असाल तर अॅपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन मॅन्डेट (पैसे कापायची परवानगी) रद्द झालाय का तेही बघा. क्रेडिट कार्डाने भरलंत तर काही बँका परदेशी व्यापारी म्हणून रुपयांतल्या व्यवहारावरही थोडा आकार लावतात. छोट्या रकमेसाठी ती कटकट नको.

विकत घेण्याच्या बाजूने एक मोठा मुद्दा आहे, तो तुमच्या मित्राला सुचलेला नाही. हा गेम आता पूर्ण झालाय. मूळ गेम ऑगस्ट २०१३ चा, शेवटचा मोठा विस्तार ‘विंड्स ऑफ चेंज’ मे २०२४ मध्ये आला आणि ४ नोव्हेंबर २०२५ ला ‘युरोपा युनिव्हर्सालिस ५’ बाजारात आला. यापुढे कंपनीचं लक्ष पाचव्या भागावर राहणार. ज्या गेमला दर सहा महिन्यांनी नवा डीएलसी येतो तिथे सबस्क्रिप्शनला अर्थ असतो, कारण त्याच पैशात येणारं नवंही मिळत जातं. चौथ्या भागात आता नवं काही येण्यासारखं नाही. तुमची खरेदी कुठेतरी संपणारी आहे, सबस्क्रिप्शन मात्र तुम्ही थांबवाल तेव्हाच थांबेल. आणि लोक पुढच्या भागाकडे वळले की जुन्याच्या किमती सेलमध्ये सहसा खालीच जातात. घाई करणाऱ्याचाच इथे तोटा.

त्यातही तुम्हाला सगळे डीएलसी लागणारच नाहीत. तुम्ही लिहिलंय की बहामनींपासून सुरू करता आणि खरी इच्छा मराठ्यांचं राज्य उभं करायची आहे. गेम सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ ला. दख्खनेत वर बहामनी, खाली विजयनगर, आणि आपला मुलूख दोघांच्या मधोमध. (प्रत्यक्षात बेळगावचा किल्ला महमूद गावानने १४७२ मध्ये जिंकून बहामनींकडे आणला. तुमचा तो तिसरा सेव्ह बघितला, तुम्ही त्याच्या कितीतरी आधी घेतलाय. अभिनंदन.) या खेळाला ‘धर्म’ हवा, ते ठीक. पण ‘कॉन्क्वेस्ट ऑफ पॅराडाइज’ अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसाठी, ‘एल डोराडो’ दक्षिण अमेरिकेसाठी, ‘थर्ड रोम’ रशियासाठी, ‘लायन्स ऑफ द नॉर्थ’ बाल्टिकच्या बाजूला. बिदरहून राज्य करणाऱ्याला मॉस्कोच्या सोयी घेऊन काय करायचंय? सगळे मिळून घेण्याच्या ज्या बेरजेने तुम्ही घाबरलात तिच्यातला मोठा भाग असा आहे. सबस्क्रिप्शनमध्येही तुम्ही त्या सगळ्याचेच पैसे भरता, फक्त ते दिसत नाहीत.

जुन्या डीएलसींबद्दल आणखी एक सावधगिरी. या कंपनीच्या गेममध्ये काही जुने डीएलसी पुढे मूळ गेममध्येच मिसळून टाकले जातात. ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’चे ‘टुगेदर फॉर व्हिक्टरी’ आणि ‘डेथ ऑर डिसऑनर’ असेच आत आले. ज्यांनी आधी पैसे मोजले त्यांनी मोजले. तेव्हा चार-पाच वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी व्हिडिओत ‘हे घेतल्याशिवाय खेळूच नका’ असं सांगितलेलं ऐकून खरेदी करू नका. आज तुमच्या मूळ गेममध्ये काय आहे ते आधी बघा.

आता भाड्याच्या घराचं. मित्राची उपमा इथे बसत नाही. घर विकता येतं, गहाण ठेवता येतं, त्याची किंमत वाढते. डीएलसी विकता येत नाही आणि त्याची किंमत पुढच्या सेलला उतरते. शिवाय विकत घेतलेलंही पुरतं तुमचं नसतं. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम हे गेमचं ऑनलाइन स्टोअर पैसे भरण्याआधीच लिहून दाखवतं की तुम्ही घेताय तो परवाना आहे. ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम ज्यांनी रोख पैसे देऊन घेतला होता, त्यांचा तो ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाल्याबरोबर खेळण्याजोगाच राहिला नाही. तुमचा गेम एकट्याने, इंटरनेटशिवायही चालतो, त्यामुळे तसा धोका इथे बराच कमी. पण याला गुंतवणूक म्हणू नका. हा खर्च आहे, आणि चांगला खर्च असायला काहीच हरकत नाही.

विकत घेण्याचा खरा फायदा दुसराच आहे. सबस्क्रिप्शन संपलं की सेव्ह फाइल तुमच्याकडे राहते, पण डीएलसीतल्या सोयी बंद होतात. जुलैत सुरू केलेलं राज्य दिवाळीत पुढे न्यायचं तर पुन्हा पैसे भरा. तुमच्यासारखा जो माणूस एकच डाव महिनोन्‌महिने थोडा थोडा खेळतो, त्याला हे टोचतं. पंधरवड्यात एक डाव संपवून दुसरा देश घेणाऱ्याला टोचत नाही.

आणि निपाणी आणि पुण्यातल्या दोघा मित्रांबरोबर तुम्ही रविवारी एकत्र खेळता म्हणालात. या गेममध्ये डाव उघडणाऱ्याकडे जे डीएलसी असतात ते त्या डावापुरते सगळ्यांना लागू होतात. तिघांनी वेगवेगळे घेण्याचं कारणच नाही. ज्याच्याकडे जास्त आहेत त्याने डाव उघडावा. घेण्याआधी एकमेकांना फोन करा, तेच ते डीएलसी तिघांकडे नकोत.

तर माझं मत असं. या जूनमध्ये एक महिना सबस्क्रिप्शन घ्या, वर सांगितल्याप्रमाणे त्याच दिवशी नूतनीकरण बंद. तो महिना नेहमीसारखा खेळा आणि कुठल्या डीएलसीमधली गोष्ट खरोखर वापरली ते फोनमध्ये टिपून ठेवा. माझा अंदाज आहे की यादीत तीन नावं उरतील, फार तर चार. सेलमध्ये ती निम्म्या किमतीला धरली तर सहा ते आठ महिन्यांच्या सबस्क्रिप्शनएवढा खर्च. तुमच्या पाच महिन्यांच्या हिशोबाने दीड वर्षात वसूल, आणि त्यानंतर पैसे भरायचेच नाहीत. एका सेलला एक घ्या. त्या ५०० च्या रकान्यात बसत नसेल तर पुढच्या सेलपर्यंत तो रकाना साठू द्या, आरडीला हात लावू नका. घेतलेला डीएलसी पटला नाही तर १४ दिवसांच्या आत, आणि घेतल्यापासून गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर, स्टीमकडे परतावा मागता येतो. दोन तास या गेममध्ये कसे जातात ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा घड्याळ लावून बसा.

पाचव्या भागाचा विचार सध्या करू नका. तुम्ही लिहिलेल्या लॅपटॉपवर तो नीट चालणार नाही, आणि मग प्रश्न डीएलसीचा न राहता लॅपटॉपचा होईल.

शेवटी तुम्ही न विचारलेलं. डीएलसीपेक्षा मला तुमच्या आरडीची काळजी जास्त वाटते. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ५ लाखांपर्यंत विमा असतो. सौहार्द सहकारी किंवा पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी आपल्याकडे घरटी कुणी ना कुणी तिथे पैसे ठेवतं, आणि बऱ्याच संस्था चांगल्या चालतातही; पण तुमची सगळी शिल्लक एकाच ठिकाणी आहे. चालू आरडी मुदतीआधी मोडू नका, पुढची मात्र बँकेत किंवा पोस्टात उघडा. दरम्यान त्या संस्थेचा मागच्या वर्षाचा ताळेबंद मागून घ्या. सभासद म्हणून तुम्हाला तो बघायला मिळायला हवा. थकीत कर्जाचा आकडा त्यात कुठे असतो ते सापडलं नाही तर पान फोटो काढून पाठवा, मी सांगतो.