सरकारच्या सर्वांत मोठ्या वकिलाची परीक्षा कोण घेतं?

प्रश्न : माझी मुलगी राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावण्यांचं थेट प्रक्षेपण ती मोबाईलवर तासन् तास बघत बसते. तिला म्हणे केंद्र सरकारचं ‘महाधिवक्ता’ व्हायचंय. मी तिला स्पर्धा परीक्षांच्या क्लासला घालायला निघालो होतो. या पदासाठी कोणती परीक्षा असते? वयाची अट काय? आमच्या घरात कोणी वकील नाही, कुठे ओळख नाही. अशा घरातल्या मुलीने हे स्वप्न बघावं का?
— एक वडील

नमस्कार,

क्लासची फी भरली नसेल तर जरा थांबा. या पदाला परीक्षाच नाही. जाहिरात निघत नाही, अर्ज मागवत नाहीत, मुलाखतही होत नाही. मंत्रिमंडळ नाव सुचवतं आणि राष्ट्रपती नेमणूक करतात, एवढंच.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. केंद्र सरकारच्या मुख्य विधी अधिकाऱ्याला मराठीत महान्यायवादी म्हणतात, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल; घटनेचं कलम ७६. महाधिवक्ता असतो तो राज्याचा, म्हणजे अ‍ॅडव्होकेट जनरल, कलम १६५. वर्तमानपत्रंसुद्धा हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतात, तेव्हा तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कोर्टाच्या आवारात तर दोघांनाही ‘एजी’च म्हणतात. कुठल्या कोर्टात उभे आहोत त्यावरून कोणता एजी ते समजून घ्यायचं.

आता पात्रता. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश व्हायला जी पात्रता लागते, तीच महान्यायवादीला लागते. म्हणजे भारताचं नागरिकत्व आणि पुढच्या तिन्हींपैकी एक : उच्च न्यायालयात पाच वर्षं न्यायाधीशपद, किंवा उच्च न्यायालयात दहा वर्षं वकिली, किंवा राष्ट्रपतींच्या मते नामवंत कायदेपंडित असणं. तुमची लेक विसाव्या वर्षात असेल असं धरून चालू. पदवीला एक वर्ष, एलएलबीला तीन, मग दहा वर्षं वकिली : कागदावरचा हिशोब चौतिशीत पूर्ण होतो. प्रत्यक्षात पहिले महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड १९५० साली पदावर आले तेव्हा ६५ वर्षांचे होते. के. के. वेणुगोपाल २०१७ मध्ये आले तेव्हा ८५ वर्षांचे. सध्याचे आर. वेंकटरमणी ऑक्टोबर २०२२ मध्ये बहात्तराव्या वर्षी आले.

निवृत्तीच्या वयाचा वाद आपल्याकडेच, नागपूरला, रंगला होता. तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. तिथल्या महाधिवक्त्यांनी साठी ओलांडली होती आणि उच्च न्यायालयाचे न्यायाधीश तेव्हा साठाव्या वर्षी निवृत्त होत. मग यांना नेमलंच कसं, असा आक्षेप घेतला गेला. नागपूर उच्च न्यायालयाने १९५२ मध्ये तो फेटाळला : निवृत्तीचं वय ही पात्रतेची अट नव्हे. तेव्हा वयाची काळजी तुम्ही करू नका. तुम्हाला चिंता करायचीच असेल तर मधल्या तीस-चाळीस वर्षांची करा.

कारण ही नोकरी नाही. महान्यायवादी मंत्री नसतो, सरकारी कर्मचारीही नसतो. तो वकीलच राहतो. भारतातल्या कुठल्याही न्यायालयात उभं राहण्याचा त्याला हक्क असतो. इतर सगळ्या वकिलांच्या आधी त्याचं म्हणणं ऐकलं जातं. संसदेच्या दोन्ही सभागृहांत तो बोलू शकतो, मत मात्र देऊ शकत नाही. खासगी खटलेही घेऊ शकतो, पण भारत सरकारच्या विरोधात नाही, आणि फौजदारी खटल्यातल्या आरोपीचा बचाव करायचा तर आधी सरकारची परवानगी काढावी लागते. मुदत? राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत. सरकार बदललं की राजीनामा देण्याचा प्रघात आहे.

तुमची लेक अमेरिकेच्या बातम्याही बघत असेल, तर तिला एक सांगून ठेवा : नाव तेच असलं तरी तिथला अ‍ॅटर्नी जनरल वेगळा. १७८९ च्या कायद्याने ते पद जन्मलं तेव्हा तिथेही तो एकटा वकीलच होता आणि पगार इतका बेताचा की त्याला खासगी वकिली करावी लागे. पण १८७० मध्ये त्याच्या हाताखाली अख्खं न्याय खातं आलं आणि आज तो मंत्रिमंडळात बसतो. इंग्लंडचं पद त्याहून कितीतरी जुनं. राजाला स्वतःच्याच कोर्टात स्वतः उभं राहता येत नाही, म्हणून त्याने वकील ठेवायचा, असा तेराव्या शतकापासूनचा त्याचा उगम. पुढे हा राजाचा वकील सत्ताधारी पक्षातला राजकारणी झाला. आपण ब्रिटिशांकडून पुष्कळ उचललं, पण हे नाही उचललं. १९३५ च्या कायद्यातला अ‍ॅडव्होकेट जनरल मंत्रिमंडळाबाहेरचा होता. घटनेने नाव बदललं, जागा तीच बाहेरची ठेवली.

ही बाहेरची जागा, माझ्या मते, या पदाचं मर्म आहे. तुमच्या लेकीला हे समजलं तरच तिला नेमकं काय हवंय ते कळेल. म्हणून दोन गोष्टी जरा सविस्तर सांगते.

पहिली १९५८ ची, मुंबईतली. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या डळमळीत कंपन्यांचे सव्वा कोटींच्या घरातले शेअर घेतले होते. फिरोज गांधींनी लोकसभेत ते बाहेर काढलं. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला आणि सुनावणी उघड झाली. इतकी गर्दी लोटली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. आयोगाच्या मदतीला उभे होते महान्यायवादी सेटलवाड. अर्थमंत्री कृष्णम्माचारी म्हणत होते की व्यवहाराला आपली संमती नव्हती. सेटलवाडांनी मंत्र्यांचं म्हणणं सावरून धरलं नाही. जबाबदारी मंत्र्यांची ठरली आणि कृष्णम्माचारींना जावं लागलं. ज्या सरकारने नेमलं, त्याच सरकारचा अर्थमंत्री! तरीही सेटलवाड १९६३ पर्यंत पदावर राहिले. तेरा वर्षं. इतका काळ त्यानंतर कोणालाच मिळालेला नाही. याच काळात ते पहिल्या विधी आयोगाचे अध्यक्षही होते आणि त्या आयोगाच्या चौदाव्या अहवालात न्यायाधीशांच्या नेमणुकांवर कडक टीका आहे.

हेच सेटलवाड हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताची बाजू तितक्याच जिद्दीने लढवत होते. १९५४ साली आपले मराठी स्वयंसेवक दादरा आणि नगर हवेलीत शिरले होते. गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांतले एक. त्यानंतर पोर्तुगालने भारतावर दावा लावला, त्याचा निकाल १९६० मध्ये आला. नागरिकांना ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्य नेण्याचा नव्हता, आणि भारताने आपलं कोणतंही बंधन मोडलेलं नाही. अशिलासाठी जीव तोडून लढणं आणि अशिलाला तोंडावर ‘तुमचं चुकलं’ म्हणणं, ही दोन्ही कामं एकाच माणसाने केली.

दुसरी गोष्ट १९७६ ची. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना न्यायालयात दाद मागता येते का, हा प्रश्न पाच न्यायमूर्तींपुढे होता. महान्यायवादी होते नीरेन डे. न्यायमूर्ती खन्नांनी त्यांना विचारलं, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारलं, तरी तुमच्या युक्तिवादाप्रमाणे दाद मागता येणार नाही? डे यांनी उत्तर दिलं की आणीबाणी आहे तोवर नाही. आपल्या विवेकाला याचा धक्का बसतो हेही त्यांनी कबूल केलं. पण युक्तिवाद मागे घेतला नाही. सरकार चार विरुद्ध एक मतांनी जिंकलं. विरोधातलं एकमेव मत खन्नांचं होतं आणि त्याची किंमत त्यांनी सरन्यायाधीशपद गमावून मोजली. तो निकाल पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच मोडीत काढला.

डे यांना दोष देणं आज सोपं आहे. ते म्हणाले असते, अशिलाची बाजू मांडणं हाच माझा धर्म. पण त्याच सरकारचे एक अतिरिक्त सॉलिसिटर जनरल (महान्यायवादीच्या खालच्या पायरीवरचे विधी अधिकारी), फली नरिमन, यांनी जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर होताच राजीनामा दिला होता. त्यांच्या पाठीशी मुंबईतली अनेक वर्षांची वकिली होती, नाव होतं. म्हणजे दार उघडून बाहेर पडल्यावर उभं राहायला जमीन होती. मी मुलांना हा भाग नेहमी सांगते, कारण नीतीच्या गप्पांमध्ये तो राहून जातो. ज्याचं पोट पदावर अवलंबून नाही त्याला नाही म्हणणं त्यातल्या त्यात परवडतं. म्हणून पदाच्या मागे न लागता आधी स्वतःची प्रॅक्टिस उभी करायची.

अलीकडचं उदाहरणही आहे. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने निकाल दिला की कपड्यांवरून केलेला स्पर्श हा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्याखालचा लैंगिक हल्ला ठरत नाही. त्याविरुद्ध वेणुगोपाल महान्यायवादी म्हणून स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबरमध्ये तो निकाल रद्द झाला. तो केंद्र सरकारच्या कुठल्या खात्याचा खटला नव्हता, तरी त्यांना तो आपला वाटला.

आता ओळखीपाळखीचं. खोटं कशाला सांगू? सरकार आपल्या विश्वासातलाच माणूस नेमणार. वकिलांच्या घरात जन्मलेल्यांना ब्रीफ लवकर मिळतात, हेही खरं. सेटलवाड स्वतः सर चिमणलाल सेटलवाड या नामांकित वकिलांचे चिरंजीव. आणि आजवर एकही स्त्री महान्यायवादी झालेली नाही. अतिरिक्त सॉलिसिटर जनरलच्या पदावर पहिली स्त्री, इंदिरा जयसिंग, यायला २००९ साल उजाडलं. म्हणून ‘एजी व्हायचंय’ ही योजना होऊ शकत नाही. ‘ज्या वकिलाचं नाव या पदासाठी निघू शकेल तसा वकील व्हायचंय’ ही होऊ शकते. पद नाही आलं तरी त्या वाटेवरचं काही वाया जात नाही.

वाट मात्र माणसागणिक वेगळी. गुलाम वाहनवटी महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते, मग सॉलिसिटर जनरल झाले, मग २००९ मध्ये महान्यायवादी. तुमच्या लेकीने पदवी झाली की तीन वर्षांच्या एलएलबीसाठी राज्याची लॉ सीईटी द्यावी. मग बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. त्यानंतर एखाद्या कष्टाळू सीनियरकडे ज्युनिअर म्हणून बसावं. ‘मोठ्या’ सीनियरकडे नव्हे, तर जो ज्युनिअरला मसुदे लिहायला लावतो आणि लाल पेनाने फाडतो त्याच्याकडे. पहिली चार-पाच वर्षं पैसे इतके कमी मिळतील की तुमचे नातेवाईक तुम्हाला टोमणे मारतील. ती वर्षं घरातून सांभाळता येणार असतील, तर ओळख नसण्याची निम्मी भरपाई तुम्ही केलीत असं समजा.

तुमच्या मनातून यूपीएससी जात नसेल, तर केंद्राच्या विधी खात्यात भारतीय विधी सेवेची पदं यूपीएससी भरतं. तिथेही बहुधा वकिलीचा अनुभव मागतात. सहायक सरकारी अभियोक्ता होण्यासाठी एमपीएससी आहे. न्यायाधीशाच्या परीक्षेलाही सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. कुठूनही जा, काळा कोट चुकत नाही.

एक काम या महिन्यातच करता येईल. थेट प्रक्षेपणात दिसतो तो शेवटचा अर्धा तास. त्यामागचं काम बघायचं तर तिला आठवडाभर तुमच्या जिल्हा न्यायालयात नेऊन बसवा. दिवाळीच्या सुट्टीत नको, कोर्टालाही तेव्हा सुट्टी असते. पुकारा होतो कसा, तारीख पडते कशी, सरकारी वकील फाईल न वाचता उभा राहिला की न्यायाधीशांचा चेहरा कसा होतो, हे तिने बघावं. रोज संध्याकाळी एका खटल्याबद्दल एक पान लिहावं : सरकारची बाजू काय होती, त्यातली कच्ची कुठली, आणि आपण सरकारला काय सल्ला दिला असता. सातव्या दिवशीही ती पान लिहायला बसली, तर ती सात पानं मला पाठवा. कंटाळली, तरी कळवा. मग यूपीएससीचं बोलू.